फ्रिजमधली सगळ्यात थंड जागा

आत्या विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर आली ती एक निळी पिशवी पोटाशी धरून, जणू आत कुणाचं तान्हं बाळ झोपलं होतं. कपड्यांच्या दोन बॅगा ट्रॉलीवर कशाबशा लोंबकळत होत्या, पण त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. बाबांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर तिने त्यांच्या मनगटावर चापट मारली.

"बाळ्या, हात लावशील तर बघ. माझे सहा महिने आहेत यात."

ब्रेडच्या कारखान्यात आठ माणसांवर देखरेख करणाऱ्या आपल्या बाबांना कुणी बाळ्या म्हणतं, हे ऐकूनच त्यांची चौदा वर्षांची लेक खूश झाली. ही बाई आपल्याला आवडणार, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

सहा महिने म्हणजे इन्सुलिनच्या अठरा बाटल्या. आत्याला बारा वर्षांपासून मधुमेह होता आणि ती त्याला 'आमचा भाडेकरू' म्हणायची. फुकट राहतो, हलत नाही, आणि वर रोज दोन वेळा सुई मागतो. सकाळी चोवीस युनिट, संध्याकाळी सोळा. म्हणजे दिवसाला चाळीस, आणि एका बाटलीत चारशे. लेकीने गाडीतच हिशोब करून टाकला. "एक बाटली दहा दिवस. अठरा बाटल्या, एकशे ऐंशी दिवस. बरोबर सहा महिने. आत्या, एक दिवससुद्धा जास्त राहायचं नाही असं ठरवूनच आलीस की."

"ही काय मास्तरीण आहे का रे घरात?" आत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिचं नाव मास्तरीण पडलं ते पडलंच.

आत्या आली होती ती आईसाठी. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिने चढायचे-उतरायचे नाहीत, असं सहा महिने. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे आई आतल्या खोलीत पलंगावर आणि तिचा आवाज मात्र सगळ्या घरात. बाबा पहाटे कारखान्यात जायचे ते दुपार उलटून गेल्यावर यायचे. शिवाय परक्या देशात येऊन दोनच वर्षं झालेली. इथली भाषा आई-बाबांच्या जिभेवर अजून अडखळत होती, मास्तरणीच्या जिभेवर मात्र लोण्यासारखी फिरायची. त्यामुळे घरमालकाचा फोन तिने घ्यायचा, मीटर वाचायला येणाऱ्याला दार तिने उघडायचं, आईच्या डॉक्टरांशी तिने बोलायचं. चौदाव्या वर्षी माणसाच्या हातात असं अख्खं घर आलं की त्याची मान आपोआप दोन बोटं उंच होते. तिची तीन बोटं झाली होती.

तेव्हा इन्सुलिनचा कारभारही तिनेच हातात घेतला, हे काही कुणाला वेगळं वाटलं नाही.

"माझ्या बाटल्या दारात ठेव गं," आत्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत म्हणाली. "अंड्यांच्या कप्प्यात. तिकडे मी तशाच ठेवते."

"दारात? आत्या, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. दर वेळी गरम हवा लागणार."

"अगं, तिकडे उन्हाळ्यात चार-चार तास वीज नसते, तेव्हाही दारातच असतात. फारच झालं तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवते. बारा वर्षं निघाली."

"म्हणूनच. तिकडे हाल झाले तेवढे पुरेत. इथे त्यांना राणीसारखं ठेवायचं."

तिने बाटलीबरोबरचा कागद काढला, उलगडला आणि प्रार्थनेनंतर बातम्या वाचतात तसा मोठ्याने वाचला. थंड जागी ठेवा. उन्हापासून दूर ठेवा. गोठू देऊ नका. "हे बघ, गोठू देऊ नका. म्हणजे वर बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही. ते कोण ठेवतंय." बर्फाचा कप्पा वेगळा, त्याला दार वेगळं. ती ओळ तिच्या दृष्टीने तिथेच मिटली.

मग तिने फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा केला. हात घालून घालून बघितलं आणि सगळ्यात थंड जागा शोधून काढली. अगदी मागे, भिंतीला लागून, जिथे बोटं बधीर होत होती. तिथे सतरा बाटल्या दोन रांगांत भिंतीला टेकवून उभ्या केल्या. अठरावी आत्याची चालू बाटली, ती खोलीत बाहेर. फ्रिजच्या आत एक गोल बटण होतं, एक ते सात आकड्यांचं, आणि ते बिचारं तीनवर होतं. तिने ते सातवर नेलं. दार लावलं आणि हात झटकले.

"झाली व्यवस्था," ती म्हणाली.

"काय ठेवतेयस गं एवढा वेळ?" आतून आईचा आवाज आला.

"आत्याची औषधं. तू पडून राहा."

राहिलं भिंग. आत्या शिवणकाम करायची. तिकडे तिचं एका खोलीचं दुकान होतं. पस्तीस वर्षं टाके घालून आणि बारा वर्षं भाडेकरूला सांभाळून तिचे डोळे थकले होते. कापडाची जात तिला बोटांनी कळायची, सुईत दोरा ती जिभेच्या टोकावर अंदाज घेऊन ओवायची, पण सिरिंजवरच्या बारीक रेघा काही बोटांना कळत नाहीत. त्यासाठी ती एक भिंग बाळगायची, काळ्या दांड्याचं, दुकानाच्या चावीबरोबर एकाच दोरीत बांधलेलं. आधी बाटली भिंगाखाली धरायची, उजेडाकडे करून गोल फिरवून बघायची, मग सिरिंज बघायची, मग टोचायची.

"ते ठेव आता पेटीत," मास्तरीण म्हणाली. "मी असताना तुला भिंग कशाला?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग दोरी गुंडाळली आणि भिंग पेटीत टाकलं. "बरं बाई. सहा महिने आयतं मिळतंय तर का सोडा."

पहिले दहा दिवस म्हणजे काय सांगावं. मास्तरणीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला, रंगीत पेनांनी रकाने आखले. सकाळची साखर निळ्यात, संध्याकाळची हिरव्यात. एकशे बेचाळीस. एकशे तीस. एकशे पस्तीस. आत्या तिच्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवून कंबर ढिली करून द्यायची, आईचे केस धुऊन द्यायची, आणि मास्तरीण तिला रोज सकाळी सांगायची, "ऐंशी टक्के. छान प्रगती." आत्या म्हणायची, "पास तर करा बाई, वरच्या वर्गात घाला."

अकराव्या दिवशी तिने फ्रिजमधून दुसरी बाटली काढली.

हे औषध दुधासारखं असतं. ठेवून ठेवून खाली साका बसतो, म्हणून बाटली तळहातांत घोळवायची, सगळं एकजीव झालं की मग सुई घालायची. मास्तरणीने घोळवलं. काचेच्या आतल्या बाजूला पांढरे बारीक कण चिकटलेले दिसले, मिठासारखे. तिने आणखी वीस वेळा घोळवलं. काही कण खाली गेले, काही तसेच राहिले.

"झालं का दुधासारखं?" आत्याने विचारलं. तिचा दंड पुढे होता, चेहरा खिडकीकडे.

"झालं," मास्तरीण म्हणाली. शाळेची बस सात मिनिटांत होती.

त्या संध्याकाळी साखर एकशे नव्वद. दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. चौथ्या दिवशी दोनशे साठ. तिने हिरवं पेन बाजूला ठेवलं आणि लाल काढलं.

"आत्या, खरं सांग. काय खाल्लंस?"

"तुझ्यासमोर जेवले ते. भात एक वाटी, भाजी, एक अंडं."

"आणि माझ्यामागे?"

आत्या हसली. "तुझ्यामागे तुझ्या आईचा आवाज खाल्ला. दिवसभर तोच असतो घरात."

"ऐकू येतंय मला," आतून आई म्हणाली.

सगळे हसले, पण मास्तरीण हसता हसताच ओट्यावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बघत होती. आठवड्यापूर्वी डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. आता अर्धा. आई पलंगावरून उठत नाही, बाबा गोडाला हात लावत नाहीत, आपण शाळेत. मग राहिलं कोण? शाळेत गणितात असंच करतात. जे जे शक्य नाही ते खोडत जायचं, उरेल ते उत्तर.

उत्तर समोर बसून स्कर्टला हुक लावत होतं.

त्या रात्री तिने डब्यातली बिस्किटं मोजून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार कमी. साखर दोनशे नव्वद.

"चार," ती जेवणाच्या टेबलावर बाबांसमोर म्हणाली. "काल रात्री एकतीस होती, आता सत्तावीस. आत्या, मला राग नाही येणार, तू फक्त कबूल कर. डॉक्टर आणि वकिलापासून काही लपवायचं नसतं."

"तू यातली कोण?"

"ताई, एखादं खाल्लंस तर खाल्लंस," बाबा ताटात बघत म्हणाले. "पण पोरगी एवढं करतेय तर जरा सांभाळ."

आत्याने भावाकडे बघितलं. मग तांब्या उचलून पाणी प्यायली. आताशा ती सारखं पाणी प्यायची. तांब्या भरून ठेवला की रिकामा. संडासाच्या दाराची कडी दर अर्ध्या तासाला वाजायची.

तिकडच्या डॉक्टरांना फोन लावला. ओळ खरखरत होती. मास्तरणीने सगळे आकडे वाचून दाखवले, तारखेसकट. डॉक्टर म्हणाले, "खाण्यात काही गडबड?" मास्तरीण म्हणाली, "संशय आहे." डॉक्टर म्हणाले, "औषध उन्हात नाही ना राहिलं? प्रवासात गरम नाही ना झालं?" मास्तरीण अभिमानाने म्हणाली, "छे. सगळ्यात थंड जागी आहे." "उत्तम," डॉक्टर म्हणाले. "चार-चार युनिट वाढवा. गोड बंद म्हणजे बंद." तेही त्याच उन्हातले. औषध वाया जातं ते उकाड्याने, हे त्यांनाही तसंच पाठ होतं.

चोवीस नाही, अठ्ठावीस टोचून बघितलं. लाल आकडे वाढतच गेले.

मग मास्तरणीने नियम केले. बिस्किटांचा डबा आईच्या पलंगाखाली. भात अर्धी वाटी. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालणे, दोन फेऱ्या. आत्या चालायची. पहिल्या फेरीनंतर विजेच्या खांबाला धरून उभी राहायची. "जरा थांब गं. पाय कापसाचे झालेत." मास्तरीण घड्याळ बघायची. म्हणायची, "आत्या, नाटक नको हं." म्हणजे चेष्टेतच, पण म्हणायची.

आत्या हळूहळू गप्प व्हायला लागली. चेष्टा आधी गेली, मग गाणं गुणगुणणं गेलं. ब्लाउजचे खांदे उतरले, बांगड्या कोपरापर्यंत मागे सरायला लागल्या. एक दिवस तिने बाबांच्या पँटची टीप घातली आणि ती वाकडी आली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिने ती उजेडात धरली, डोळे बारीक केले, परत धरली, आणि मग उसवत बसली. पेटीत भिंग होतं. तिने काढलं नाही.

त्या संध्याकाळी साखर तीनशे चाळीस.

"आत्या, आता तरी," मास्तरीण म्हणाली. आवाज चढला होता, डोळ्यांत पाणीही होतं. सगळी आखणी अशी कोसळताना बघवत नव्हती. "मी रोज एवढं करते. तुला मरायचं आहे का?"

आत्याने आपल्या हातांकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "असेल बाई. खाल्लं असेन झोपेत. मला आठवत नाही, पण तू म्हणतेस तर खाल्लं असेन."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मास्तरीण आपल्या खोलीत गेली आणि उगाचच भूगोलाचं पुस्तक काढून बसली.

शनिवार उजाडला. शाळेला सुट्टी, बाबा कामावर. नऊ वाजले तरी आत्या उठली नाही. मास्तरीण हाक मारायला गेली तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, श्वास भराभर चाललेला, तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास. पलंगाशेजारच्या बादलीत उलटी.

"आत्या, बोट दे."

तिने बोट दिलं. ते तरी अजून द्यायची. यंत्राने पाच सेकंद घेतले आणि आकडाच दाखवला नाही. नुसती इंग्रजी अक्षरं आली. म्हणजे आकडा यंत्राच्या हाताबाहेर गेला होता.

दुसरी बाटली तळाशी आली होती. मास्तरीण नवी आणायला स्वयंपाकघरात धावली, फ्रिज उघडला, पुढचं दूध-भाजी बाजूला सारून हात मागे घातला. बाटली हलेना. भिंतीला चिकटली होती. तिने ओढली. बाटली आली ती बर्फाचा एक पापुद्रा घेऊनच. तिने ती उजेडाकडे धरली. आत दूध नव्हतंच. आत एक पांढरा गोळा होता, आणि बाटली तिरकी केली तरी तो तिरका होत नव्हता.

तिने दुसरी काढली. तिसरी काढली. एकीची काच उभी तडकली होती. काही अर्धवट वितळलेल्या, काही पुन्हा गोठलेल्या, आणि प्रत्येकीच्या काचेला आतून मिठासारखे कण. ते कण तिला ओळखू आले. गेले नऊ दिवस ती रोज दोन वेळा ते बघत होती.

बाटल्या ओट्यावर ठेवताना त्यांचा टिकटिक आवाज झाला.

"काय पडलं गं?" आई.

मास्तरीण एक बाटली मुठीत धरून आईच्या दारात उभी राहिली. "आई, ही गोठलीय."

"कुठे ठेवली होतीस?"

"वर. मागे. भिंतीला लावून."

"अगं, मागे?" आई उठायला गेली आणि कण्हून परत पडली. "त्या फ्रिजच्या मागच्या भिंतीला तर सगळं गोठतं. माझ्या काकड्या किती वेळा दगड झाल्या. म्हणून तर मी तीनवर ठेवते त्याला." मग तिला समोरचा चेहरा दिसला. "मला विचारायचंस तरी, बाळा."

पडून राहा, असं मास्तरीण म्हणाली होती.

तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कारखान्यात फोन कपाटात कुलूपबंद ठेवावे लागतात. पिठात पडले तर. कार्यालयाला लावला, तिथे शनिवारी यंत्र बोलतं. मग ती चपलासुद्धा उलट्या-सुलट्या घालून तीन जिने उतरली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरली. मुठीत बाटली होती, आता वितळायला लागलेली.

दुकानातली बाई पांढऱ्या कोटात, चष्मा कपाळावर. तिने बाटलीवरचं नाव वाचलं, उलटसुलट करून बघितली. "हे नाव आमच्याकडे नसतं. चिठ्ठी आहे?"

मास्तरणीने तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. घडीवर फाटलेली, शिक्का असलेली.

"इथल्या डॉक्टरांची हवी. मला असं देता येत नाही."

"इथल्या डॉक्टरांची वेळ कधी मिळेल?"

"नवीन माणसाला? दहा-अकरा दिवस लागतात."

इथली भाषा मास्तरणीच्या जिभेवर लोण्यासारखी फिरते, असं म्हटलं ना? त्या वेळी तिला 'कृपया' हा शब्दसुद्धा आठवेना. बाटलीतून पाणी गळून बोटांवरून मनगटात चाललं होतं; ही पण तडकलेलीच होती.

बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. "कुणासाठी पाहिजे? कशी आहे तब्येत?"

तिने सांगितलं. वास, श्वास, उलटी, यंत्रातली अक्षरं. बाईने वाक्य पुरं व्हायच्या आत फोन उचलला होता. "पत्ता सांग," ती म्हणाली. "मजला सांग. घरी जा आणि दार उघडून ठेव."

दोन माणसं खुर्चीला पट्ट्यांनी बांधून आत्याला तीन जिने उतरवून घेऊन गेली. आई पलंगावरून विचारत होती, "पदर नीट आहे का तिचा? पायात काही घातलंय का?" आणि तिला बघायला उठता येत नव्हतं. मास्तरीण आत्याची निळी पिशवी पोटाशी धरून गाडीत बसली. आत एकच गोष्ट होती, घाईत टाकलेली ती ओली, तडकलेली बाटली.

इस्पितळात एकदम चार जणांचे हात आत्यावर आले. सुया, नळ्या, पिशव्या. मास्तरणीला पडद्यापाशी उभं केलं होतं, कारण तिच्याशिवाय कुणालाच आत्या कळत नव्हती. तासाभराने तरुण डॉक्टरीण कागद लावलेली एक फळी घेऊन आली आणि प्रश्न विचारायला लागली. मास्तरीण मधे.

"किती दिवसांपासून तहान?"

"आठ," आत्या म्हणाली. डोळे मिटलेले होते.

"औषध कधी चुकवलं?"

"एकदाही नाही."

"गोड जास्त खाल्लं?"

मास्तरणीने प्रश्न मराठीत आणला तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला. आत्याने डोळे उघडले. "तू सांग गं. तुला माहीत."

"नाही," मास्तरणीने डॉक्टरणीला सांगितलं. "काहीच नाही खाल्लं."

डॉक्टरणीने बाटली उजेडात धरली, बोटाने फिरवली. दोन सेकंद. भिंगाशिवाय. "ही गोठली होती. गोठलं की हे औषध मरतं, परत वितळलं तरी उपयोग नाही. कुणी साठवलं होतं?"

मास्तरीण पलंगाजवळ सरकली.

"काय विचारतेय?" आत्या म्हणाली.

"बाटल्या कुणी ठेवल्या विचारतात."

आत्याला बोलायला धाप लागत होती, पण तिने अजिबात वेळ घेतला नाही. "सांग त्यांना, मीच ठेवल्या. परकं घर, कळलं नाही म्हणावं म्हातारीला."

आत्याला इथली भाषा येत नव्हती. मास्तरीण काहीही सांगू शकली असती, आणि आत्याला पत्ताही लागला नसता.

"मी ठेवल्या," ती डॉक्टरणीला म्हणाली. "माझी आत्या म्हणत होती दारात ठेव. मी ऐकलं नाही. काचेवर कण दिसत होते, ते पण मी सांगितलं नाही."

डॉक्टरणीने लिहायचं थांबवून तिच्याकडे बघितलं. "तू किती वर्षांची?"

"चौदा."

तिने तेही फळीवर लिहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. म्हणाली, इथलं इन्सुलिन वेगळ्या ताकदीचं असतं, अडीचपट कडक. घरच्या सिरिंज आता चुकूनही वापरायच्या नाहीत, सगळं नवं मिळेल, नर्स शिकवेल. घरातल्या उरलेल्या बाटल्या इकडे आणून द्यायच्या, त्या नष्ट करायला. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, साखर खाली आली की बऱ्याचदा नजर सुधारते. पुरती सुधारेल का, ते आत्ता नाही सांगता येणार.

"काय म्हणाली?" आत्याने विचारलं.

"म्हणाल्या, बरं होईल," मास्तरणीने सांगितलं. एवढंच भाषांतर तिला जमलं.

बाबा आले ते पिठाच्या बुटांतच. पडद्याआड बहिणीला बघून बाहेर आले आणि भिंतीपाशीच्या बाकावर लेकीशेजारी बसले. तिने त्यांना सगळं सांगितलं. ते बुटावरचं पीठ खरवडायला लागले.

"बिस्किटं मी खायचो," ते म्हणाले. "पहाटे निघताना, चार. रिकाम्या पोटी कामावर उभं राहवत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू एवढ्या खात्रीने बोलत होतीस," बाबा म्हणाले. "मला वाटलं, आणखी पण खात असेल ती."

समोरून चाकांचा पलंग ढकलत कुणी जात होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

रविवारी दुपारी चार वाजता मास्तरीण एकटीच आत्यापाशी होती. घरून आणलेला कंगवा घेऊन ती तिचे केस विंचरत होती. नळ्या निम्म्या झाल्या होत्या, श्वास संथ झाला होता. बारा वर्षांची सवय असलेला दंड आत्या अजूनही मधूनमधून आपणहून पुढे करायची आणि मग आठवून मागे घ्यायची.

नर्स आली, बोट टोचलं. आकडा आला एकशे दहा. मग तिने तो कागदावरच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहिला, मान हलवली आणि बाहेर जाऊन एक ताटली घेऊन आली. कपभर दूध आणि दोन बिस्किटं. साखर आता भराभर उतरतेय, ती मास्तरणीला म्हणाली, काहीतरी पोटात जायला हवं, लगेच. आत्याकडे बघून तिने तोंडाशी हात नेऊन खाण्याची खूण केली, हसली आणि शेजारच्या पलंगाकडे वळली.

आत्याने एक बिस्कीट उचललं. साधंच, चौकोनी, कडेला नक्षी असलेलं. ते तिने बोटांनी चाचपून बघितलं, कापड बघायची तसं. ओठांपर्यंत नेलं.

आणि थांबली. तिथेच हात धरून तिने मान वळवली आणि भाचीकडे बघितलं. चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता, चेष्टा तर नव्हतीच. चेष्टा असती तर मास्तरीण पायाच पडली असती.

"खाऊ का गं?" आत्याने विचारलं.

मास्तरणीने तोंड उघडलं. कंगवा आत्याच्या केसांत अर्ध्यावर अडकला होता, तो तिला पुढे नेता येईना की मागे घेता येईना. नर्स पलीकडून परत एकदा म्हणाली, खाऊ दे तिला, लवकर. आत्याला ते कळलं नाही. बिस्कीट ओठांपाशी तसंच होतं, आणि ती वाट बघत होती.